गरम ओटा

झाकून ठेवलेली वस्तू कुजते, हे कळायला पुस्तक लागत नाही. लक्ष्मणरावांच्या कोटाच्या आतल्या खिशात नागपंचमीपासून एक पत्र असंच झाकून पडलं होतं!

पत्र आदिलाबाद जिल्ह्यातल्याच बाजारहत्नूरचं. लिहिणारी प्रयागबाई, त्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती घरामागच्या तुकड्यात वांगी-मिरच्या लावायची आणि बाजारात नेऊन विकायची. पत्र चार ओळींचं होतं.

‘दादास प्रयागचा नमस्कार. वांग्याले खत होईन म्हणून मागं शेणकचऱ्याचा ढीग घातला. त्याले वास सुटला. शेजारचे भगवानराव म्हणतात, ढीग मोड, नाईतर पंचायतीत जातो. मी म्हटलं, माझे दादा मास्तर हायेत, ते सांगतीन तसं करीन. ठेवू का मोडू, एवढंच लिवा.’

एवढंच! ‘ठेव’ किंवा ‘मोड’. कार्डावर एक शब्द टाकायचा, वर पत्ता घालायचा, संपलं.

पण लक्ष्मणरावांनी जन्मात कोणाला एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं. मराठी शाळेत उभी हयात मास्तरकी केली. पोरानं पाटी पुढे करून ‘गुरुजी, बरोबर का चूक?’ विचारलं, तर म्हणायचे, ‘एका अर्थी बरोबर.’ लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेले, वडीलधाऱ्यांनी विचारलं, ‘पसंत हाय का?’ तर हे म्हणाले, ‘दोन्ही बाजूंनी विचार व्हायला हवा.’ लग्न झालं खरं, पण सोजरबाई ते वाक्य आजवर विसरल्या नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं असं लक्ष्मणराव चुकून म्हणाले, की त्या म्हणत, ‘दोन्ही बाजूंनी इचार करा अन् खा!’

तरी बहिणीसाठी त्यांनी पुस्तकं काढली. यवतमाळहून मागवलेलं मराठी पुस्तक म्हणत होतं, ढिगाला हवा पाहिजे आणि पाणी बेताचं पाहिजे. खत मुठीत घेऊन दाबावं, बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, जास्त नाही. मंडल ऑफिसातलं तेलुगू पत्रक म्हणत होतं, ढीग दर आठवड्याला उलटा. हिंदी पुस्तक म्हणत होतं, एकदा भरलेल्या ढिगाला हात लावू नका. तिघांचं एकमत एकाच मुद्द्यावर होतं: वास येता कामा नये, आणि आलाच तर चूक करणाऱ्याची!

आता यातून बिचाऱ्यानं काय लिहावं? पोळा गेला, दसरा गेला. पत्र खिशात मऊ होत गेलं.

दिवाळीत शेजारचा फकिरा आला. त्याच्या रेणुकासाठी प्रयागबाईनंच बाजारहत्नूरचं स्थळ सुचवलं होतं. मुलगा कोणाचा? भगवानरावांचाच! ढिगावरून भांडणारे शेजारी सोयरीक जुळवताना मात्र एका ताटात जेवत. त्यामुळे फकिराच्या चकरा तिकडे चालूच असायच्या.

“गुरुजी, प्रयागबाई इचारून राह्यली होती. पत्र भेटलं का?”

“भेटलं.”

“मंग?”

“विचार चालू आहे.”

“बाप्पा! भगवानराव म्हणते, इतक्या टायमात तं निजामाच्या कचेरीतून बी दरख्वास्त वापस येत होती!”

हे मात्र लागलं. जेवायला बसले ते ताठ मानेनं, आणि पहिला घास घेण्याआधी त्यांनी जाहीर केलं, “मी स्वतः खत करून पाहणार! आणि स्वतःच्या अनुभवानं प्रयागला लिहिणार! संक्रांतीच्या आत!”

तव्यावरची भाकर तशीच करपायला लागली. सोजरबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

“तुमी?”

“मी.”

“शेणात हात घालसान?”

“एका अर्थी… हो.”

यवतमाळच्या पुस्तकात विटांच्या टाकीचं चित्र होतं. चारही भिंतींना ओळीनं भोकं, म्हणजे ढीग श्वास घेतो. गवंडी बाबाराव आला, चित्र पाहिलं, आणि त्यानं थापी खाली ठेवली.

“गुरुजी, भोकाची भिंत? माह्या बापानं या गावात मारुतीचं देऊळ बांधलं. अन् मी भोकं बांधू?”

“हवा आत जायला पाहिजे, बाबाराव.”

“कोणाले?”

“शेणाला.”

बाबारावनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग सोजरबाईंकडे पाहिलं. सोजरबाईंनी कपाळावर हात मारला. तेव्हा कुठे तो कामाला लागला; अट एकच, टाकी कोणी बांधली हे गावात सांगायचं नाही.

जाताना मात्र गवंड्याचा धर्म त्याला आठवला. “वैनी, भिंतीले दोन टाइम पाणी मारा. कंजूषी कराल तं भिंत तडकन. मंग माह्या नावानं बोंबलू नका.”

टाकी भरण्याचा दिवस सोजरबाईंना आयुष्यभर पुरेल एवढा झाला. लक्ष्मणरावांनी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीला हात घातला.

“अवो, थे चुलीचं जळण हाय! पावसाळाभर जपली म्या पऱ्हाटी! आता चूल काय तुमच्या पुस्तकानं पेटवू?”

लक्ष्मणरावांनी घाबरून पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं, आणि अर्धी पऱ्हाटी परत दिली. उरलेली बारीक तोडून एक थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असं करत टाकी भरली. प्रत्येक थराला ते मूठभर मिश्रण उचलायचे, डोळे मिटून दाबायचे आणि बोटांच्या फटी निरखायचे. थेंब यायचा! अगदी पुस्तकातल्यासारखा! शेवटी वरून शेणमातीनं लिंपलं आणि लक्ष्मणराव अंघोळीला गेले ते गाणं म्हणत. त्या घराला ही नवलाईच.

पण दैवाला माणसाचं गाणं बघवत नाही.

आमच्या भागात नव्या बांधकामाला येता-जाता पाणी मारणं हे पुण्य. सोजरबाई सकाळ-संध्याकाळ बादली रिकामी करायच्याच. शिवाय बोअरिंगवरून घागर घेऊन येणारी प्रत्येक बाई कुंपणापाशी थांबून दोन ओंजळी टाकीच्या भिंतीवर फेकायची. “बाबारावचं काम दिसते,” असंही म्हणायची. भिंत पाणी पीत होती, भोकं पाणी पीत होती, आणि पोटभर पाणी ढिगात जात होतं. लक्ष्मणरावांना पत्ता नाही. ते आत बसून ओलाव्याचं प्रकरण दुसऱ्यांदा वाचत होते!

आठवडाभरानं त्यांनी एका भोकात हात घालून मूठ दाबली. थेंब कसला, पाट वाहिला! काळं पाणी मनगटावरून कोपरात आणि कोपरावरून बंडीत शिरलं. धावत पुस्तकापाशी गेले. पुस्तकात लिहिलं होतं, ‘ओलावा वाढल्यास पाणी कमी करावे.’ असलं वाक्य वाचून माणसानं स्वतःचा जीव द्यावा की लिहिणाऱ्याचा घ्यावा?

सोजरबाईंना पाणी बंद करायला सांगितलं.

“अन् भिंत तडकली तं?”

“तडकू दे!”

“बाबारावले काय तोंड दाखवू?”

म्हणून पाणी बंद झालं नाही. फक्त लक्ष्मणराव झोपल्यावर पडू लागलं.

मग वास आला. कसा म्हणून सांगू? मेलेल्या उंदरानं आपल्या मेलेल्या बापाची आठवण काढावी, तसा! फकिराच्या बैलांनी गव्हाणीत तोंड घालायचं सोडून भिंतीकडे पाठ केली. टपालवाला लक्ष्मणरावांची मासिकं दुकानातच ठेवून जाऊ लागला.  संक्रांत आली, तिळगूळ वाटला गेला. लोकांनी तो कुंपणावरूनच दिला.

लक्ष्मणराव संध्याकाळी टाकीसमोर उभे राहत आणि मनात म्हणत, आपण वाचलं तेवढं कुजलं. प्रयागला आता ‘मोड’ म्हणूनच लिहावं. पण लेखणी उचलली, की तिची वांग्यांची टोपली डोळ्यांपुढे यायची. खताशिवाय त्या मुरमाड तुकड्यात काय पिकणार होतं? लेखणी परत खाली.

तशात फकिरा आला, नाकाला उपरण्याचा पदर लावून.

“गुरुजी, रेणुकाचं कुंकू ठरलं. माघात. माह्या घरी कापूस भरून हाय, बैलं हायेत. पंगत तुमच्या आंगणात बसवतो.”

“एका अर्थी हरकत नाही,” लक्ष्मणराव म्हणाले. म्हणजे हरकत होती.

“बसवा नं भाऊ!” सोजरबाई आतूनच म्हणाल्या. पोर त्यांच्या मांडीवर खेळलेली. त्यांना कोण अडवणार?

“अन् आयका,” फकिरा म्हणाला. “भगवानराव म्हणते, मास्तराचं खत त्या दिवशी पाहूनच घेतो. त्याले वास नसन, तं प्रयागबाईचा ढीग राहू देतो; म्हंजे खत बिनवासाचं होते हे सिद्ध. अन् वास असन, तं घरी जाऊन त्याच दिवशी मोडतो.”

 बहिणीचा ढीग आता त्यांच्या ढिगाच्या दाव्याला बांधला होता! संकटात सापडलेला माणूस देवाकडे जातो. लक्ष्मणराव आदिलाबादच्या वाचनालयाकडे गेले. सोजरबाईंच्या भाच्याकडे मुक्काम टाकला आणि वास घालवण्याचा उपाय शोधत पुस्तकांमागून पुस्तकं चाळली. उपाय सापडला: कोरडा भुसा मिसळा, ढीग मोकळा करा, हवा खेळू द्या. आनंदानं परत निघाले, तर बस वाटेत बंद पडली. गावात पोचले ते कुंकवाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी सकाळीच.

अंगणात पाय ठेवला आणि थबकले. वास नाही!

त्यांना वाटलं, घर चुकलं. पण दारात सोजरबाईच होत्या, नव्या लुगड्यात. वास खरंच नव्हता! खत पिकलं! आपोआप! लक्ष्मणरावांचे डोळे भरून आले. ते टाकीकडे धावले, तर टाकी नव्हती. तिच्या जागी एक सुरेख ओटा होता. चारही बाजू गुळगुळीत सारवलेल्या, कडेनं चुन्याचा पट्टा, वर मधोमध रांगोळीचं कमळ.

“सोजर… टाकी?”

“थेच तं हाय!”

“भोकं?”

“बुजवली! वास कुठून येत होता? भोकातून. आमी सगळ्या बायांनी मिळून बुजवून टाकली. मधात ढीग खचला होता. त्यावर तुराटीची ताटी टाकली, पोते आंथरले अन् सारवून घेतलं. दिसते का नाई शोभिवंत?”

लक्ष्मणराव जमिनीवरच बसले. “अगं, हवा बंद झाली, की आतले चांगले जीव मरतात… मग आत जे काही होतं ते…”

“मरू द्या! पाव्हणे आले!”

“पहार दे. निदान एक भोक—”

“आज पहार घेतली तं मी माहेरी चालली!”

सोजरबाईंच्या माहेरी आता भाच्याच्या दोन खोल्या होत्या. धमकी जुनी होती, पण चालत होती. 

पाहुणे आले. माघातली थंडी अजून धुक्यातच होती. सगळे उपरण्यात गुंडाळलेले. पुढे भगवानराव! ज्वारीच्या भरल्या पोत्याला टोपी घातली तर चालताना जसं दिसेल, तसे. त्यांनी अंगणभर नजर टाकली, फकिरानं आंथरलेली सतरंजी नाकारली, आणि सरळ जाऊन ओट्यावर बसले.

लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं. पाहुण्याला ‘उठा’ कसं म्हणायचं? कोणत्याही पुस्तकात ते दिलेलं नव्हतं. तोंड मिटलं.

“वा!” भगवानराव ओरडले. “फकिराभाऊ, ओटा गरम हाय! खालून ऊब येऊन राह्यली! काऊन हो मास्तर, खाली चूल हाय का काय?”

“एका अर्थी…” लक्ष्मणराव म्हणाले.

मग काय! आखडलेल्या पाहुण्यांनी ओट्याकडे धाव घेतली. भगवानरावांनी दोन्ही हात पसरून जागा अडवली. “व्याह्याचा मान हाय! चहा मले इथंच आणा!” आणि मांडी घालून ते मधोमध, बरोबर रांगोळीच्या कमळावर सरकले. तुराटी बारीक करकरली. ती फक्त लक्ष्मणरावांना ऐकू आली. चहा आला, पलीकडे पंगतीची पानं मांडली जाऊ लागली.

“मास्तर, बसा असे जवळ. सहा महिने तुमच्या पत्राची वाट पाहून राह्यलो आमी. थे खत दाखवा आता.”

“दाखवतो… तुम्ही जरा… या कडेला…”

“कडेले थंडी हाय. वास येते का तुमच्या खताले?”

“सध्या नाही.”

“सच्ची? म्हंजे बिनवासाचं होते तं! मंग राहू दे म्हणा प्रयागबाईले. बोललो मी! कुठी ठेवलं?”

‘राहू दे’! शब्द आला होता! आता हा माणूस कडेला सरकला, उठला, चालता झाला, की प्रयागचा ढीग वाचला. लक्ष्मणरावांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला.

“इथंच आहे,” ते पुटपुटले.

“इथं कुठी?” भगवानरावांनी मागे वळून पाहिलं. पुढे पाहिलं. मग त्यांच्या कपाळावर आठी आली, कारण मघापासून डोळ्यांसमोर असलेली लक्ष्मणरावांची टोपी आता थोडी उंचावर गेली होती.

“मास्तर,” ते सावकाश म्हणाले, “तुमी उंच होऊन राह्यले, का मी खाली—”

कडाड्!

भगवानराव दिसेनासे झाले. पूर्ण नाही, टोपी, छाती आणि चहाचा कप धरलेला हात वर राहिला. कपातला चहा सांडला नव्हता, हे विशेष! मग त्यांनी आत पाय झाडले. आतून एक भोक फुटलं, मग दुसरं, मग ओळीनं सगळी, आणि काळं पाणी पिचकारीसारखं चारी दिशांना सुटलं. त्यामागून, बंदिवासातून सुटलेल्या दरोडेखोरांच्या टोळीसारखा, वास आला!

पंगत उठली म्हणणं चुकीचं, पंगत पळाली. पत्रावळी उडाल्या, कढी कलंडली, एक म्हातारा पाहुणा कुंपणावरून असा गेला की त्याची काठी अलीकडेच राहिली. फकिरा डोकं धरून मधोमध बसला.

“गुरुजी! माह्या पोरीचं नशीब शेणात घातलं तुमी!”

चौघांनी ओढून भगवानरावांना बाहेर काढलं. त्यांना बोअरिंगखाली बसवून शिकेकाईनं धुतलं, मग राखेनं, मग पुन्हा शिकेकाईनं. लक्ष्मणरावांचं धोतर नेसवलं. ते त्यांच्या गुडघ्यापर्यंतच पोचलं.  मग भगवानराव फकिराच्या अंगणात कापसाच्या ढिगाला टेकून आकाशाकडे पाहत बसले.

सगळं संपलं. प्रयागचा ढीग गेला, रेणुकाचं स्थळ गेलं, शेजार गेला, आणि सोजरबाई चुलीपुढे पाठ करून बसल्या. ‘बुडायचं होतं तर मी बुडायला हवं होतं,’ असं म्हणत लक्ष्मणरावांनी फावडं घेतलं आणि धोतर खोचून ते खरोखरच टाकीत उतरले. निदान घाण तरी उपसावी. भरदुपारी, साऱ्या गावादेखत. लोक लांबून, नाकं धरून पाहत होते. चिखल काळा, चिकट, कोमट. फावड्याला येईना तिथं हातांनी उपसला.

एका कोपऱ्यात मात्र हात थांबला. तिथं एक भोक बायांनी सोडून दिलं होतं. सोजरबाईंची कोंबडी त्यात अंड्यांवर बसायची, म्हणून. त्या भोकाआतलं हातभर खत तपकिरी होतं, भुसभुशीत होतं. लक्ष्मणरावांनी मूठ दाबली. बोटांच्या फटीत एक थेंब आला. नाकाशी नेलं. नांगरलेल्या वावराचा वास होता. तीन महिन्यांच्या खटाटोपात खत झालं होतं ते एवढंच. आणि ते कोंबडीनं केलं होतं!

“मास्तर!”

वर पाहिलं. भगवानराव उभे होते, आखूड धोतरात. मागे फकिरा, रडायच्या बेतात.

“मास्तर, सहा महिने मी त्या बाईशी भांडलो. रोज नाक धरून इकडून तिकडं गेलो. आज समजलं.” त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि लगेच पस्तावले. “तिचा ढीग म्हंजे उदबत्ती हाय! राहू द्या म्हणा तिले. तुमचं हे पाहून आलेल्या माणसाले जगात कोठंच वास येणार नाई.”

“आणि… कुंकू?” लक्ष्मणरावांनी कसंबसं विचारलं.

“असा घरी जाऊन काय सांगू? सून पाहाले गेलो अन् शेणात पडून आलो? पोरीले कुंकू लावल्याबिगर मी हालत नाई! फकिराभाऊ, चला! पण पंगत तुमच्या इथं बसवा, बैलाजवळ बसवली तरी चालन!”

कुंकू लागलं. रेणुका हसू दाबता दाबता लाल झाली होती. सोजरबाईंनी नवऱ्याला चार वेळा अंघोळ घातली, तीनदा गरम पाण्यानं आणि एकदा रागानं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणरावांनी खिशातलं पत्र काढलं. घडीवर ते फाटलं होतं. समोर कार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘प्रयागास आशीर्वाद. एका अर्थी ढीग ठेव.’ मग कार्ड पुन्हा वाचलं. ‘एका अर्थी’ खोडलं. खाली लिहिलं, ‘हवा जाऊ दे. पाणी बेतानं घाल. भगवानराव आता काही बोलणार नाहीत. का, ते त्यांना विचारू नको. उत्तराला उशीर झाला. दादा.’

गावात पोस्ट म्हणजे किराणा दुकानाचा एक कोपरा. पोस्टमास्तर अमृतराव तूरडाळ मोजत होते. लक्ष्मणरावांनी कार्ड पुढे केलं. अमृतरावांनी ते दोन बोटांनी कोपऱ्याला धरलं, मान वळवली, हात लांब करून शिक्का मारला आणि बाकीच्या टपालापासून दूर, रॉकेलच्या डब्यावर ठेवलं.

“बहिणीले खताचंच लिवलं नं, गुरुजी?”

“तुम्ही वाचलंत?”

“वाचाले कशाले पाहिजे?” अमृतराव नाकाला गमछा लावत म्हणाले. “कोरं टाकलं असतं तरी तिले समजलं असतं!”